फावल्या वेळाची पिशवी

गेल्या दिवाळीच्या सुमारास आमच्या शहरात भरलेल्या हस्तकलेच्या एका प्रदर्शनात आम्ही दोघींनी क्रोशाची एक रंगीत पिशवी विकत घेतली. आम्ही एकाच महाविद्यालयात मराठी शिकवतो, एकाच वेळी सुटतो आणि बहुतेक खरेदीही एकत्रच करतो. पिशवी देखणी होती. लाल, हळदी, मोरपंखी, जांभळ्या अशा रंगांचे तेरा चौकोन तिरके जोडून ती केलेली होती. विकणाऱ्या बाईंनी नऊशे रुपये सांगितले, आम्ही सहाशेपासून सुरुवात केली आणि सौदा सातशेला तुटला. "घरबसल्या फावल्या वेळात तर करता," असे आमच्यापैकी एकीने बोलता बोलता म्हटले. बाई हसल्या आणि त्यांनी पिशवी वर्तमानपत्रात गुंडाळून दिली. घरी येताना आपण व्यवहारात किती चोख आहोत याचे समाधान आम्हांला होते, हे येथे कबूल करायला हवे.

पुढे उन्हाळ्याच्या सुट्टीत तशीच दुसरी पिशवी स्वतः करावी अशी हौस आम्हांला वाटली. ती करताना जे कळले आणि त्या निमित्ताने जे वाचले, त्यातून हा लेख झाला आहे.

*

क्रोशा या शब्दाचे मूळ फ्रेंच आहे. क्रोशे म्हणजे छोटा आकडा. टोकाशी आकडा असलेली एक सुई आणि एक दोरा, यापलीकडे या कामाला काही लागत नाही. दोऱ्याचा फास करायचा, त्यातून दोरा ओढून दुसरा फास काढायचा, त्यातून तिसरा. झाली साखळी. साखळीचे वर्तुळ जोडून त्यावर तीन-तीन खांबांचे पुंजके घालत गेले, आणि चार ठिकाणी दोन साखळ्या सोडून कोपरे वळवले, की चौकोन तयार होतो. सांगायला इतके सोपे.

प्रत्यक्षात आमच्या पहिल्या चौकोनाला तीनच कोपरे आले. दुसऱ्याला चार आले, पण तो कढईसारखा खोलगट झाला, कारण दोरा आम्ही अतोनात आवळत होतो. शिवाय परिभाषेचा घोटाळा होता. आमच्याजवळ जुन्या बाजारात मिळालेली एक ब्रिटिश पुस्तिका होती आणि संगणकावर एक अमेरिकन बाई शिकवीत होत्या. अमेरिकेत ज्या टाक्याला 'डबल' म्हणतात त्याला ब्रिटनमध्ये 'ट्रेबल' म्हणतात, आणि ब्रिटनमधला 'डबल' हा अमेरिकेतला 'सिंगल'. हे ठाऊक नसल्यामुळे अमेरिकन बाईंचा 'डबल' आम्ही पुस्तिकेत पाहून घातला आणि चौकोन ठेंगणा, घट्ट, पायपुसण्यासारखा निघाला. अखेर आमच्यापैकी एकीच्या मावशींनी हातातले काम पाहिले आणि म्हणाल्या, "अगं, खांब बुटका झालाय. सुईवर दोरा एकदा गुंडाळून घे, म्हणजे उंच होईल." साखळी म्हणजे साखळीसारखी दिसणारी, खांब म्हणजे उभा राहणारा. मावशींच्या मराठीत टाक्याचे नाव हेच त्याचे वर्णन होते. शब्दांवर पोट भरणाऱ्या आम्हां दोघींना हे मावशींकडून शिकावे लागले.

सुट्टीभर आम्ही सर्वाधिक काय केले असेल, तर उसवले. क्रोशाच्या कामात दोरा अखंड असतो. शेवटचा फास सोडवून दोरा ओढला की पाच तासांचे काम पाच मिनिटांत गुंडीवर परत जाते आणि मागे काहीही उरत नाही. या कलेचा इतिहास इतका विरळ का, याचा थोडा अंदाज आम्हांला तेव्हा आला. फाटके वस्त्र निदान चिंधी म्हणून टिकते. क्रोशाचे जुने काम पुष्कळदा उसवून नवे केले जाते, कारण दोरा महाग आणि वेळ स्वस्त.

*

हे काम फार प्राचीन असावे असे पुष्कळांना वाटते. डॅनिश संशोधक लिस पालुदान यांनी युरोपातील पुरावे तपासले, तेव्हा इसवी सन १८०० च्या आधीचा भक्कम पुरावा त्यांना आढळला नाही. एलिझाबेथ ग्रँट या स्कॉटिश लेखिकेच्या आत्मचरित्रात १८१२ सालच्या आठवणींमध्ये 'मेंढपाळी विणकाम' असा एक उल्लेख येतो आणि तो क्रोशासदृश कामाचा मानला जातो. या ग्रँटबाईंचे वडील पुढे मुंबईच्या सुप्रीम कोर्टात न्यायाधीश होते आणि बाईंचे लग्नही १८२९ मध्ये मुंबईतच झाले. त्यांचे आत्मचरित्र मात्र त्यांच्या मृत्यूनंतर, १८९८ मध्ये छापले गेले.

क्रोशाचे छापील नमुने म्हणून आज ज्ञात असलेले सर्वांत जुने नमुने १८२३ सालचे आहेत. 'पेनेलोपे' नावाच्या एका डच नियतकालिकात ते आले. ते स्त्रियांसाठी काढलेले नियतकालिक होते. त्यातील एका रंगीत चित्रपृष्ठावर पाच छोट्या पिशव्या दाखवल्या आहेत, आणि त्यांतील तीन रेशमी दोऱ्याने क्रोशात करायच्या आहेत. पहिली नुसत्या साखळ्यांच्या जाळीची, दुसरी अर्धी जाळीदार आणि अर्धी भरीव, तिसरी पूर्ण भरीव. सोप्याकडून अवघडाकडे जाण्याचा क्रम इथेही आहेच. म्हणजे छापील इतिहासाच्या पहिल्या पानावर क्रोशा जो दिसतो, तो पिशवीच्याच रूपात. नवशिक्यांनी पिशवीपासून सुरुवात करावी असे आम्हांला ज्यांनी सांगितले, त्यांच्यामागे दोनशे वर्षांची परंपरा होती असे म्हणायला हरकत नाही.

नियतकालिकाचे नावही लक्षात घेण्याजोगे आहे. ग्रीक महाकाव्यातील पेनेलोपी नवऱ्याची वाट पाहत दिवसा वस्त्र विणते आणि रात्री ते उसवून ठेवते. वस्त्र पुरे होईपर्यंत दुसऱ्या कोणाशी लग्न करणार नाही, असे तिने मागणी घालणाऱ्यांना सांगितलेले असते. तिचे विणणे हा तिचा बचाव होता. एकोणिसाव्या शतकातील कुलीन घरांमध्ये तिचे नाव हस्तकलेच्या मासिकाला देताना मात्र त्यातील सहनशील, घरात बसून हात चालवणारी पत्नी तेवढी उचलली गेली असावी.

'पेनेलोपे'तल्या कृतींत जी सुई वापरायला सांगितली आहे, ती 'तांबूर' सुई होय. तांबूर म्हणजे ढोलकीसारखी गोल चौकट. तिच्यावर कापड ताणून आकड्याच्या सुईने साखळी टाका भरायची पद्धत अठराव्या शतकात युरोपात लोकप्रिय झाली, आणि तिचा संबंध पूर्वेकडील, विशेषतः भारतातील भरतकामाशी जोडला जातो. कच्छ-सौराष्ट्रातील मोची समाजाचे कारागीर चामडे शिवण्याच्या आरीसारख्याच बारीक आकड्याने रेशमी भरतकाम करीत. चौकटीवरचे कापड काढून घेतले आणि साखळी टाका नुसता हवेत घालत गेले, की क्रोशा झाला, अशी उपपत्ती काही अभ्यासकांनी मांडली आहे. ती सर्वमान्य नाही. पण आरी हा शब्द मराठीलाही परका नाही. चांभाराच्या पेटीत ती असतेच. तोच आकडा एका हातात असला की त्याला जातीचा धंदा म्हणायचे आणि दुसऱ्या हातात असला की कुलीन स्त्रीचा विरंगुळा म्हणायचे, ही विभागणी हत्याराने केलेली नाही.

*

विरंगुळा पोटाचा धंदा कसा होतो, हे पाहायचे तर आयर्लंडकडे जावे लागते. १८४५ मध्ये तेथे बटाट्याच्या पिकावर बुरशीचा रोग पडला आणि पुढची काही वर्षे पीक बुडत राहिले. गरीब आयरिश शेतकऱ्याचे जेवण म्हणजे बटाटाच होता. सुमारे १० लाख माणसे उपासमारीने आणि रोगराईने मेली, आणखी १० लाखांहून अधिक देश सोडून गेली. १८४१ च्या जनगणनेत जवळपास ८२ लाख असलेली लोकसंख्या १८५१ मध्ये ६५ लाखांवर आली.

या काळात कॉर्कजवळच्या ब्लॅकरॉक येथील उर्सुलाइन मठातील नन्सनी आणि इतर अनेकांनी मुलींना क्रोशा शिकवायला घेतला. मॉनहन परगण्यातील क्लोन्स या गावी धर्मोपदेशकाची पत्नी कसँड्रा हँड हिने १८४७ मध्ये हेच काम सुरू केले. श्रीमंतांना हवी असलेली व्हेनिसच्या धर्तीची लेस बारीक सुईने करायला फार वेळ लागे. तिची नक्कल क्रोशाने पुष्कळ लवकर होई, आणि भांडवल म्हणून लागे तो फक्त एक आकडा आणि थोडा सुती दोरा. एलेओनोर रिएगो दे ला ब्रांशार्दिएर या विदुषीने १८४६ पासून नमुन्यांची पुस्तके काढली आणि लंडनमध्ये या कामाला प्रतिष्ठा मिळाली. खोपटात विणलेली गुलाबाची फुले, पाने, द्राक्षांचे घोस सरदारघराण्यांतील स्त्रियांच्या गळपट्ट्यांवर गेले.

काम वाटून दिलेले असे. एक बाई फक्त गुलाब करी, दुसरी पाने, तिसरी हे सगळे जाळीत बसवून जोडी. आपल्या घराण्याचा नमुना शेजारच्या घरी कळू नये याची काळजी घेतली जाई. या पैशाने अनेक घरे जगली आणि काहींनी त्यातून अमेरिकेच्या जहाजाचे भाडे भरले, असे सांगितले जाते. फॅशन बदलली की मागणी कमी होई, आणि दर ठरवण्यात विणणारीला काही आवाज नव्हता. तरीही त्या वर्षांत दोऱ्याच्या टोकावर माणसे तगली हे खरे आहे. सेवाभावाने शिकवणाऱ्यांचे ऋण नाकारण्याचे कारण नाही.

दुष्काळ आणि हातकाम यांची सांगड आपल्याकडेही दिसते. १८९६-९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी मध्य प्रांतातून निराधार मुलींना आणि स्त्रियांना आणून केडगावात आश्रय दिला, आणि शिक्षणाबरोबर पोट भरता येईल अशी कामे त्यांना शिकवली. पुण्यात १९०९ मध्ये रमाबाई रानडे यांनी सुरू केलेल्या सेवासदनातही विधवांना आणि गरजू स्त्रियांना स्वतःच्या पायावर उभे करणारे शिक्षण देण्यावर भर होता. या स्त्रियांना शिवण-टिपण ही शोभेची गोष्ट म्हणून शिकवलेली नव्हती. पण पांढरपेशा घरांत पुढे ती शोभेचीच झाली. आमच्या आयांच्या लग्नांतले रुखवत आठवते. क्रोशाचे तोरण, उशांचे अभ्रे, दुधाच्या पातेल्यावर टाकायची, काठाला मणी ओवलेली जाळी. "सगळं मुलीनं स्वतः केलंय हो," असे वरपक्षाला आवर्जून सांगितले जाई. त्या सांगण्यात मुलीच्या कौतुकाबरोबर एक हमीही असे, की ही मुलगी घरात बसेल आणि तिचे हात रिकामे राहणार नाहीत.

*

आयर्लंडमध्ये घडलेलीच गोष्ट अधिक मोठ्या प्रमाणात आणि अधिक काळ घडली ती आंध्रातील गोदावरीच्या मुखाजवळ, नरसापूरच्या परिसरात. तेथेही लेसचे काम मिशनऱ्यांनी एकोणिसाव्या शतकात आणले, आणि पुढे ते क्रोशाच्या रूपाने घरोघरी पसरले. मारिया मीस या जर्मन समाजशास्त्रज्ञ बाईंनी १९७०च्या दशकाच्या अखेरीस तेथे राहून अभ्यास केला आणि १९८२ मध्ये 'द लेस मेकर्स ऑफ नरसापूर' हे पुस्तक प्रसिद्ध केले. ज्यांना या विषयात थोडाही रस आहे त्यांनी ते मुळातून वाचावे.

मीसबाईंना जे दिसले ते असे. माल युरोप-अमेरिकेत जात होता. व्यापारी आणि निर्यातदार बहुतेक पुरुष होते. विणणाऱ्या सगळ्या स्त्रिया होत्या आणि त्यांना नगावर पैसे मिळत. येथेही फुले करणारी वेगळी आणि जोडणारी वेगळी, त्यामुळे तयार वस्तू कशी दिसते आणि कितीला विकली जाते हे फुले करणारीला कळण्याचे कारण नव्हते. घरातले सर्व काम उरकून त्या दिवसाचे कित्येक तास विणत, आणि तरी त्यांची कमाई शेतमजूर स्त्रीच्या रोजापेक्षा कमी पडे. यात अनेक जणी कापू समाजाच्या होत्या. घराबाहेर कामाला न जाणे हे त्या समाजात प्रतिष्ठेचे लक्षण होते. शेतात राबणाऱ्या दलित बाया आपल्यापेक्षा जास्त मिळवतात हे ठाऊक असूनही, आपण घरात बसतो म्हणून आपण वरच्या, असे त्यांना वाटे.

या साऱ्या व्यवस्थेचा आधार एका शब्दावर होता: गृहिणी. त्या कामगार नाहीत, गृहिणी आहेत. आणि जे करतात ते काम नाही, फावल्या वेळाचा उपयोग आहे. एकदा असे म्हटले की मजुरीचा किमान दर, कामाचे तास, संघटना, यांतला कोणताच प्रश्न उरत नाही. मीसबाईंनी या प्रक्रियेला जे इंग्रजी नाव दिले त्याचा अर्थ 'गृहिणीकरण' असा होतो. मराठीत तो शब्द ओबडधोबड वाटेल, पण तो चपखल आहे, कारण गृहिणी असणे ही नैसर्गिक अवस्था नसून ती घडवली जाते, हे त्यातून कळते.

हे पुस्तक आम्ही वाचत होतो त्याच दिवसांत महाविद्यालयात प्रवेश चालू होते. एका मुलीच्या अर्जात आईच्या व्यवसायाचा रकाना रिकामा होता. विचारले तर म्हणाली, "काही नाही करत, घरीच असते." आणि मग जरा थांबून, "क्रोशाचं करते, एका बाईंना देते. पण ते फावल्या वेळात." आम्ही तिला 'गृहिणी' लिहायला सांगितले. रांग मोठी होती. अर्ज पुढे गेल्यावर आम्ही एकमेकींकडे पाहिले.

फावला वेळ म्हणजे तरी किती? केंद्र सरकारच्या २०१९ सालच्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरातले बिनपगारी काम करणाऱ्या स्त्रियांचे त्यात रोज सरासरी २९९ मिनिटे जातात, आणि असे काम करणाऱ्या पुरुषांची ९७ मिनिटे, असे आढळले. त्या पाच तासांनंतर जो वेळ उरतो, किंवा झोपेतून जो काढला जातो, त्याला आपण फावला म्हणतो.

*

येथे एक तांत्रिक बाब सांगणे आवश्यक आहे, कारण ती आमच्या ध्यानात फार उशिरा आली. दोन सुयांवरचे विणकाम यंत्राने होते. मोजे विणणारे यंत्र इंग्लंडमध्ये विल्यम ली याने १५८९ मध्येच बनवले होते. त्या विणकामात ओळीतले सगळे फास एकाच वेळी सुईवर उघडे असतात, म्हणून प्रत्येक फासाला एक सुई देऊन यंत्राला ते पेलता येतात. क्रोशात एक टाका पुरा बंद झाल्याशिवाय दुसरा सुरू होत नाही, आणि आकडा खालच्या विणीत कुठेही, कोणत्याही दिशेने शिरू शकतो. कारखान्यांत ज्यांना क्रोशाची यंत्रे म्हणतात त्यांची वीण वेगळी असते. प्रयोगशाळांत काही प्रयत्न झालेले आहेत, पण बाजारासाठी खरा क्रोशा विणून देणारे यंत्र आजही रुळलेले नाही. याचा अर्थ असा, की मोठ्या दुकानात टांगलेली, अविश्वसनीय स्वस्त दराची क्रोशाची पिशवीसुद्धा कोणाच्या तरी हातांनीच केलेली आहे. तिचा दर कमी असेल तर तो यंत्रामुळे कमी झालेला नाही.

आमची पिशवी जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पूर्ण झाली. अभ्यासाची सवय म्हणून आम्ही तासांची नोंद ठेवली होती. तेरा चौकोन, त्यांची जोडणी, पट्टा, सगळे मिळून ३६ तास. यात पूर्ण उसवलेले चौकोन धरलेले नाहीत. दोरा २५० रुपयांचा लागला. दोऱ्याच्या दुकानात आम्ही भाव कमी करायला सांगितले नव्हते आणि सांगितले असते तरी दुकानदाराने तो केला नसता, कारण छापील किंमत होती.

मग प्रदर्शनातल्या बाईंचा हिशेब मांडला. त्यांचा हात सरावाचा आहे, आमच्या तिप्पट वेगाचा आहे असे धरू. म्हणजे १२ तास. सांगितलेल्या नऊशे रुपयांतून दोऱ्याचे अडीचशे वजा केले तर साडेसहाशे उरतात. तासाला ५४ रुपये. गाळ्याचे भाडे आणि येण्याजाण्याचा खर्च यात आम्ही धरलेलाच नाही. आमच्या चोख व्यवहारानंतर उरले साडेचारशे. तासाला साडेसदतीस. दोऱ्याची किंमत कमी होण्यासारखी नव्हती, म्हणून आम्ही वाचवलेले दोनशे रुपये सगळेच्या सगळे त्यांच्या मजुरीतून गेले. ती आम्ही जवळपास एक-तृतीयांशाने कापली होती आणि वर त्यांचे काम फावल्या वेळातले असल्याचे त्यांनाच ऐकवले होते.

विद्यापीठीय व्याख्यानांतून स्त्रियांच्या अदृश्य श्रमांविषयी आम्ही दोघीही बोललेलो आहोत. त्या विषयावर एकीचा निबंधही प्रसिद्ध आहे.

दोन्ही पिशव्या आता विभागात एकाच खुंटीला टांगलेल्या असतात. त्यांची कोणती आणि आमची कोणती हे ओळखायला कोणालाच वेळ लागत नाही. आमच्या पिशवीचे दोन चौकोन अजूनही खोलगट आहेत आणि पट्टा पुस्तकांच्या वजनाने लांबत चालला आहे. मावशी म्हणतात, पट्टा उसवून पुन्हा घट्ट घाला. तो एवढा एक टप्पा राहिला आहे.

प्रदर्शन यंदाही दिवाळीच्या आधी भरेल. त्या बाई येतील की नाही, सांगता येत नाही. आल्या तर भाव विचारण्याआधी तास विचारायचे, असे ठरवले आहे. आणि प्रवेशअर्जातल्या त्या रकान्यात पुढच्या वर्षी काय लिहायला सांगायचे, याविषयी आमच्यात अजून चर्चा चालू आहे. 'क्रोशाकाम, नगावर' असे एकीचे म्हणणे आहे. रकान्यात जागा पुरेल का, अशी दुसरीला शंका आहे.